डीएपी मिळेना म्हणून घाबरू नका, आधी जमिनीतला स्फुरद मोजा

राम राम भाऊ,

तुमचा प्रश्न वाचला. चोपडा तालुक्यात तापीकाठची चार एकर भारी जमीन, दोन एकरात कपाशी उभी आहे, दोन एकरात कांदेबाग (थंडीच्या तोंडावर लावायची केळी) लावायचीय, दुकानदार डीएपीच्या (नत्र-स्फुरदचं खत) गोणीसोबत नको असलेल्या बाटल्या गळ्यात मारतो, आणि त्यात भर म्हणून कुठेतरी वाचलं की जगातला फॉस्फरस (म्हणजे आपला स्फुरद) तीस-चाळीस वर्षांत संपणार. तर हे खरं का, यंदा काय करू, आणि पुढे पोरांनी शेती कशी करायची, असं विचारताय.

माझं सांगतो, मी एकतीस वर्षं माती तपासणीच्या लॅबमध्ये काढली, रिटायर झाल्यापासून रावेर-यावल-चोपडा पट्ट्यात सल्ला देत फिरतो, स्वतःची अडीच एकर पण आहे त्यामुळे चुका करायला हक्काची जागा मिळाली. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

एका दमात सांगायचं तर फॉस्फरस इतक्यात संपत-बिंपत नाहीये. पण त्याची चावी आपल्याकडे नाही, दोन-चार देशांकडे आहे, खरं दुखणं ते. आणि तुमच्यासारख्या बागायती जमिनीत गेल्या पंधरा-वीस वर्षांत इतका स्फुरद गाडला गेलाय की यंदा डीएपी नाही मिळालं तरी केळी उपाशी राहणार नाही असं मला वाटतं. वाटतं म्हणतोय, कारण रिपोर्ट बघितल्याशिवाय मी पैज लावत नाही.

आता संपण्याचं प्रकरण बघू. नत्र हवेतून ओढता येतं, हवेत ७८ टक्के तेच आहे, वीज-गॅस लावला की युरिया तयार. स्फुरदचं तसं नाही, तो हवेत नाही, कारखान्यात बनवता येत नाही, खडकातूनच काढावा लागतो, आणि त्याला पर्याय नाही. पालाशचं थोडंफार काम सोडियम ओढून नेतो म्हणतात काही पिकांत, पण स्फुरदच्या जागी काहीच चालत नाही, पेशीतली ऊर्जा, बियाणं, हाडं, डीएनए, सगळीकडे तो लागतोच. म्हणून भीती वाटणं चूक नाही.

ती भीती मोठी झाली २००९ साली. डॅना कॉर्डेल नावाच्या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी हिशोब मांडला की फॉस्फेट खडकाचं उत्पादन २०३३ च्या आसपास शिखराला जाईल आणि मग उतरणीला लागेल. तुम्ही जे वाचलं ते बहुतेक याचंच फिरत फिरत आलेलं रूप. पण गंमत पुढे आहे. २०१० ला दुसरा एक अहवाल आला, त्यात मोरोक्कोचे साठे नव्याने मोजले, आणि अमेरिकन भूगर्भ खात्याच्या तक्त्यात मोरोक्कोचा आकडा ५७० कोटी टनांवरून एकदम ५,००० कोटी टनांवर गेला. एका वर्षात जवळजवळ नऊपट! खडक तोच, जमीन तीच, फक्त वही बदलली. आज जगाचे साठे साधारण ७,४०० कोटी टन धरतात आणि दरवर्षी २२ ते २४ कोटी टन खडक निघतो, म्हणजे साधा भागाकार केला तरी तीनशे वर्षं. साठा म्हणजे काय तर आजच्या भावात आणि आजच्या तंत्रात काढायला परवडतो तेवढा माल, भाव वाढला की साठा वाढतो, त्यामुळे "अमुक साली संपणार" असं कोणी छातीठोक सांगितलं की मी कान बंद करतो.

पण म्हणून निवांत झोपायचं का? नाही. त्या ७,४०० कोटीतले ५,००० कोटी एकट्या मोरोक्कोकडे, त्यात पश्चिम सहाराचा वादातला भाग पण आला. खडक सगळ्यात जास्त काढतो चीन. भारताकडे किती, तर तीन-साडेतीन कोटी टन, आणि तो पण बराचसा हलक्या प्रतीचा. उदयपूरजवळ झामरकोटरा, मध्य प्रदेशात सागरकडे हिरापूर आणि आपल्या सातपुड्याच्या पलीकडे झाबुआ-मेघनगर, झाल्या आपल्या मुख्य खाणी. देशाची सगळी गरज त्यातून भागवायची म्हटली तर दोन वर्षं पण निघणार नाहीत. म्हणून आपण तयार डीएपी आणतो, आणि जे इथे बनतं त्याचाही खडक नाहीतर फॉस्फोरिक ॲसिड जॉर्डन, मोरोक्को, सेनेगल असं बाहेरूनच येतं. गोणीवर हिंदी-मराठी छापलंय म्हणून आतला माल देशी होत नाही.

आणि बाहेरवाल्याच्या मनात आलं की काय होतं हे आपण दोनदा बघितलंय. २००७ च्या सुरुवातीला खडकाचा भाव टनाला ५० डॉलरच्या आत होता, २००८ च्या पावसाळ्यात ४३० डॉलर झाला, त्याच साली चीनने निर्यातीवर १३५ टक्क्यांपर्यंत कर लावला. मग २०२१ ला परत चीनने तपासणीच्या नावाखाली निर्यात आवळली. त्याच्या आधीच, मे महिन्यात, आपल्या सरकारला डीएपीच्या गोणीमागची सबसिडी ५०० वरून १,२०० करावी लागली, नाहीतर गोणी तुम्हाला २,४०० ला पडली असती. आज तुम्ही १,३५० देता तो खरा भाव नाहीच, वरचे पैसे सरकारच्या खिशातून म्हणजे फिरून आपल्याच खिशातून जातात. २०२५ ला सौदीच्या कंपनीबरोबर पाच वर्षांसाठी दरवर्षी ३१ लाख टनांचा करार झालाय, त्याने थोडा आधार आहे, पण आधार म्हणजे फक्त दुकान बदललं. आणि आता नवीन गिऱ्हाईक पण आलंय, इलेक्ट्रिक गाड्यांच्या एलएफपी बॅटरीत जो पी आहे तो फॉस्फेटचाच, म्हणजे उद्या तुमची केळी आणि शेजाऱ्याची स्कूटर एकाच खाणीसाठी भांडणार.

आता तुमच्या बांधावर या. मी एक हिशोब नेहमी करून दाखवतो, पाटी-पेन्सिल घ्या.

१०० ग्रॅम केळीत फॉस्फरस असतो २२ मिलिग्रॅम आणि पोटॅशियम ३५८. रावेरहून १६ टनांचा ट्रक दिल्लीला निघाला तर त्यात फॉस्फरस किती गेला? साडेतीन किलोच्या आसपास. पोटॅशियम साठेक किलो गेलं. आणि डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत फॉस्फरस किती, तर १० किलो. गोणीवर ४६ लिहिलेलं असतं ते पी-टू-ओ-फाइव्हच्या (फॉस्फरसच्या ऑक्साइडच्या) भाषेत, खरा फॉस्फरस काढायचा तर ०.४४ ने गुणायचं, हा घोळ खत कंपन्यांनी शंभर वर्षांपासून घालून ठेवलाय आणि आता कोणी सोडवत नाही. तर ट्रकभर केळी म्हणजे गोणीचा तिसरा हिस्सा!

एकरात दीड बाय दीडवर १,८०० झाडं, घड २० किलोचा धरला तर ३६ टन माल, म्हणजे शेतातून बाहेर गेला तो आठ किलो फॉस्फरस. गोणीपेक्षा कमी. शिफारस आहे झाडामागे ४० ग्रॅम स्फुरद (हाही गोणीवरच्याच भाषेतला), म्हणजे एकरी ७२ किलो, तीन गोण्या डीएपी. शिफारशीत चूक नाही, कारण टाकलेलं सगळं पिकाला मिळत नाही. पण आपल्याकडे तीनवर थांबतो कोण? बेसलला (लागणीच्या वेळच्या डोसला) चार-पाच गोण्या, वरून १०:२६:२६ (आकडे नत्र, स्फुरद, पालाशच्या टक्क्यांचे), मग ठिबकमधून १९:१९:१९, १२:६१, निसवणीच्या (घड बाहेर पडायच्या) वेळी ०:५२:३४. पानं, खांब शेतातच कुजतात, त्यातला स्फुरद परत मातीत जातो. शिफारशीइतकंच टाकलं तरी वर्षाला एकरी वीस-बावीस किलो फॉस्फरस मागे राहतो, दहा वर्षांत दोनशे किलो, म्हणजे वीस गोण्या डीएपीतला. तो पावसात वाहून खोल गेला म्हणाल तर नाही, स्फुरद युरियासारखा धावत नाही, दाणा पडला तिथून इंच-दोन इंचाच्या पलीकडे सरकत नाही. मातीबरोबर धूप झाली तरच जातो. मग आहे कुठे? तिथेच आहे.

अडकतो का तर आपल्या काळ्या मातीत चुना. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीचा पीएच आठच्या वर, मुक्त चुनखडी भरपूर, ढेकळावर ॲसिडचा थेंब टाकला की सोडा वॉटरसारखं फसफसतं. पाण्यात विरघळलेला स्फुरद कॅल्शियमला भेटला की त्याची जोडी जमते आणि हळूहळू दगड होत जातो. म्हणून पहिल्या हंगामात टाकलेल्यातला पंधरा-वीस टक्केच पिकाच्या हाती लागतो. आमच्याकडे एक आबा म्हणायचे, हे म्हणजे पोराला पैसे द्यावे आणि त्याने ते पतपेढीत अडकवावे. उपमा चपखल आहे, कारण पतपेढीतून पण थोडेथोडे निघतात! मूळं जी आंबट द्रव्यं सोडतात, मातीतले जिवाणू, बुरशी, यांनी तो साठा वर्षानुवर्षं थोडा थोडा सुटत राहतो. फक्त आपण नवीन भर इतकी करतो की जुन्याची गरजच पिकाला पडत नाही.

बरं, हा साठा तुमच्याकडे आहे का, हे माती तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि इथे मला एक गोष्ट सांगायचीय.

आपल्या चुनखडीच्या मातीत स्फुरद काढायची पद्धत ऑल्सेनची, माती सोडियम बायकार्बोनेटच्या पाण्यात अर्धा तास हलवायची, गाळायची, मग मॉलिब्डेट वगैरे घातलं की निळा रंग येतो, स्फुरद जास्त तर निळा गडद, कमी तर फिकट आकाशी. काळ्या मातीचं पाणी चहासारखं तपकिरी येतं म्हणून त्यात कोळशाची पूड घालून रंग काढतात. एकदा, बरीच वर्षं झाली, मी ज्या लॅबला होतो तिथे कोळशाची नवीन खेप आली, त्या दिवशी साठ-सत्तर नमुने लावले आणि सगळेच्या सगळे गडद निळे. बरड माळरानाचा नमुना पण शाईसारखा. मी खुश, म्हटलं तालुका श्रीमंत झाला. संध्याकाळी आमच्या जुन्या सहायकाने शांतपणे विचारलं, साहेब ब्लँक लावला होता का? नव्हता लावला. माती न घालता नुसतं कोळसा आणि पाणी लावून बघितलं तर तेही निळं. कोळशातच स्फुरद होता, धुवून घ्यायला पाहिजे होता. दिवसभराचं काम परत केलं. तेव्हापासून कोणाचाही रिपोर्ट मला जास्तच गोड वाटला तर मी परत लावायला सांगतो, आणि तुम्हीही दोन वेगळ्या ठिकाणी तपासून घ्यायला लाजू नका.

नमुना घेताना ठिबकच्या नळीखालचीच माती घ्याल तर स्फुरद फुगलेला दिसेल, दोन बेडच्या मधलीच घ्याल तर कमी दिसेल, दोन्हीकडची घेऊन मिसळा. बांध, उकिरड्याची जुनी जागा, झाडाखालची, खत टाकून महिना झाला नाही अशी, ही सोडा. व्हीसारखा खड्डा, वीतभर खोल, आठ-दहा ठिकाणी. प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळा, खताच्या रिकाम्या गोणीवर अजिबात पसरू नका. हसू नका, निम्मे नमुने खताच्या गोणीतूनच येतात.

रिपोर्टवर उपलब्ध स्फुरद हेक्टरी १० किलोच्या खाली असेल तर कमी, १० ते २५ मध्यम, २५ च्या वर जास्त, असं ढोबळ धरा. यावल-रावेरच्या जुन्या केळीपट्ट्यात मी ४०, ५०, ६० असे आकडे सर्रास बघितलेत. सावद्याकडचे एक अण्णा आहेत, त्यांचा ५८ आला, ते दरवर्षी पाच गोण्या टाकायचे. मी म्हटलं यंदा डीएपी बंद, तर माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी केळीच बंद करा म्हटलं. शेवटी तडजोड झाली, बारा ओळी माझ्या, बाकी त्यांच्या. माझ्या ओळींना बेसलला स्फुरद शून्य, नत्र-पालाश सारखंच. कापणीला वजन केलं तर फरक दाखवता येईल असा काही निघाला नाही, उलट माझ्या ओळींची पानं जरा जास्त हिरवी होती. एका शेतावरचा अनुभव आहे, याला संशोधन म्हणू नका. पण हिरवेपणाचं कारण सांगता येतं, स्फुरद फार झाला की झाडाला जस्त आणि लोह मिळायला अडचण होते, पानं अरुंद, फिकट पट्टे, आणि मग शेतकरी म्हणतो झाड कमजोर दिसतंय, आणखी १२:६१ सोडा. म्हणजे आगीवर रॉकेल. आणि झिंक सल्फेट कधीही डीएपीत मिसळून टाकू नका, दोघं मिळून गप बसतात.

याच्यासारखाच दुसरा गैरसमज रब्बी मक्याचा. डिसेंबरच्या थंडीत मक्याची कोवळी पानं जांभळी पडतात, पुस्तकात लिहिलंय जांभळं म्हणजे स्फुरदची कमतरता, की धावले दुकानात. अहो थंडीत मूळच चालत नाही, मातीत कितीही असला तरी ओढणार कसा? आठ-दहा दिवसांत ऊन वाढलं की मका आपोआप हिरवा होतो आणि श्रेय बाटलीला जातं.

आता यंदाचं बोलू.

कपाशी उभी आहे तिला आता डीएपी देऊच नका. स्फुरद हा पेरणीच्या वेळी मुळाजवळ द्यायचा असतो, आता वरून फेकला तर वरच्या दोन बोटांच्या मातीत अडकून बसेल. पुढच्या वर्षी कपाशी पेरताना किंवा रब्बीला हरभरा-गहू घेताना खत बियाण्याच्या खाली-बाजूला दोन बोटं पडेल असं पेरा. आपले म्हातारे दोन चाड्यांच्या पाभरीने हेच करायचे, एका चाड्यात बी, एका चाड्यात खत, ट्रॅक्टर आला आणि आपण हाताने फेकायला लागलो. ओळीत दिलेलं खत मातीला कमी शिवतं म्हणून कमी अडकतं, तेवढ्याच पिकाला बरंच कमी पुरतं.

केळीचं असं. रिपोर्ट २५ च्या वर आला तर बेसलचा डीएपी पूर्ण बंद. फक्त कांदेबाग थंडीत वाढते, टिश्यूकल्चरच्या रोपाचं मूळ तेव्हा छोटं असतं, म्हणून पहिले सात-आठ आठवडे ठिबकमधून १२:६१ एकरी आठवड्याला दोन-तीन किलो द्या, ते सुरुवातीचं दूध समजा. मध्यम आला तर एकरी चार-पाच गोण्या सिंगल सुपर फॉस्फेट. कमी आला तर नऊ गोण्या, त्यात ७२ किलो स्फुरद बरोबर बसतो. सुपर फॉस्फेटला लोक हलकं समजतात कारण १६ टक्केच, पण त्यात ११ टक्के गंधक फुकट येतं, ते डीएपीत नाही, आणि आपल्या जमिनीत गंधक बऱ्याच ठिकाणी कमी आहे. तीन गोण्या सुपर आणि २० किलो युरिया म्हणजे एक गोणी डीएपी आणि वर साडेसोळा किलो गंधक. दाण्याभोवतीची ओल सुपरमुळे आंबट होते, डीएपीमुळे क्षाराकडे झुकते, चुनखडीत कोणतं बरं ते तुम्हीच बघा. गोणी उचलायला तिप्पट, वाहतुकीला तिप्पट, हे मात्र आहे. आणि सुपर-युरिया मिसळलं की लगेच टाका, रात्रभर ठेवलंत तर सकाळी ढिगाचा चिखल होतो.

सुपर फॉस्फेट शक्यतो शेणखतात मिसळून द्या, लागणीच्या महिनाभर आधी ढिगात थर द्यायचे. शेणखताने स्फुरद कॅल्शियमपासून थोडा लांब राहतो. पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) पण त्याच ढिगात घालता येतं, पण थोडं मुरल्यावर आणि सावलीत. पीएसबीबद्दल माझं मत विचाराल तर काम करतं, चमत्कार करत नाही, दुकानात उन्हात ठेवलेली बाटली असेल तर काहीच करत नाही. मायकोरायझा ही मुळांवर राहणारी बुरशी केळी, कपाशी, कांदा तिन्हीला उपयोगी, पण जिथे स्फुरद आधीच भरपूर आहे तिथे झाड त्या बुरशीला घरात घेतच नाही.

एक माझी चूक सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. घरच्या केळीला घाईत एकाच टाकीत १२:६१ आणि कॅल्शियम नायट्रेट टाकलं. टाकीत अक्षरशः दही लागलं, पांढरं. मला वाटलं ढवळलं की विरघळेल, व्हेंचुरी (टाकीतलं खत ठिबकमध्ये ओढणारं यंत्र) चालू केली. विरघळतं कुठे, ते कॅल्शियम फॉस्फेट, जे मातीत होतं तेच मी टाकीत केलं होतं! दुसऱ्या दिवशी निम्म्या ड्रिपरमधून थेंब नाही, दोन मजूर लावून ॲसिड सोडून नळ्या धुतल्या. एकतीस वर्षं लोकांना शिकवून. बायको अजून केळीच्या कोशिंबिरीला हात लावला की म्हणते, दही तुम्हीच लावा.

दोन गोष्टींपासून सावध. एक, झाबुआचा रॉक फॉस्फेट स्वस्त मिळतो म्हणून ट्रॉली भरून आणतात काही जण. तो कोकणातल्या आंबट लाल मातीत विरघळतो, आपल्या आठच्या पीएचमध्ये दगड तो दगडच राहतो. शेणखतात कुजवून त्याचं प्रोम (स्फुरदयुक्त सेंद्रिय खत) केलं तर थोडा कामाला येतो, नुसता नाही. दुसरं म्हणजे नॅनो डीएपी, जे दुकानदार तुमच्या गळ्यात मारतोय. अर्ध्या लिटरच्या बाटलीत १६ टक्के स्फुरद म्हणजे ८० ग्रॅम. गोणीत २३ किलो. फवारणी म्हणून बियाण्याला-पानाला थोडा उपयोग होत असेल तर मी वाद घालत नाही, पण ८० ग्रॅम २३ किलोची जागा कशी घेईल हे मला कोणी पाटीवर मांडून दाखवावं. आणि लिंकिंग (खतासोबत नको तो माल बळजबरीने देणं) करत असेल तर पक्कं बिल मागा आणि तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, बिलाशिवाय कोणी काही करू शकत नाही.

पोरांनी पुढे काय करायचं म्हणालात, तर फॉस्फरस गावातून बाहेर जातो कुठून आणि आत येतो कुठून ते बघायला शिकवा. कपाशीची रुई सुतगिरणीत जाते, तिच्यात फॉस्फरस नसल्यात जमा, सगळा सरकीत. सरकीची ढेप म्हशीने खाल्ली, तो शेणात आला. शेणाच्या गोवऱ्या थापून जाळल्या तर नत्र धुरात गेलं पण स्फुरद-पालाश राखेत राहिलं, ती राख आपण भांडी घासायला नाहीतर नाल्यात. उकिरड्यावर टाका ना! शेणखताची तीन टनाची ट्रॉली म्हणजे सहा किलो स्फुरद, कमी वाटेल, पण ती दर वर्षीची. कोंबडीखत त्याहून भारी, टनात वीस-पंचवीस किलो म्हणजे डीएपीची एक गोणीच, नवापूरकडे एवढे पोल्ट्री फार्म आहेत, तिथला स्फुरद येतो मका-सोयाबीन आणि खाद्यात घालायच्या डीसीपीतून (डायकॅल्शियम फॉस्फेट), म्हणजे तोही शेवटी त्याच खडकातून. कोंबडीखत आणाल तर कुजवून आणा, ताजं टाकलं तर केळीचं मूळ जळेल, आणि तेही स्फुरदच आहे, रिपोर्ट ५० चा असताना कोंबडीखताच्या चार ट्रॉल्या टाकून डीएपी वाचवलं म्हणू नका. धरणाचा गाळ उन्हाळ्यात मिळाला तर तपासून आणा, धुपून गेलेला आपलाच स्फुरद त्यात बसलेला असतो.

आणि सगळ्यात मोठं भोक शहरात आहे. १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रँडने सोनं शोधायच्या नादात मूत्र आटवून आटवून पहिल्यांदा फॉस्फरस काढला, म्हणजे हा पदार्थ मुळात सापडलाच मोरीत. एक माणूस वर्षाला साधारण अर्ध्या किलोच्या आतबाहेर फॉस्फरस शरीरातून टाकतो, त्यातला निम्म्याहून जास्त लघवीत. जळगाव शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४ लाख ६० हजार, करा हिशोब, वर्षाला डीएपीच्या वीस हजार गोण्यांइतका फॉस्फरस एका शहराच्या गटारातून चाललाय. तो पाण्यात गेला की शेवाळ, जलपर्णी, मासे मेले. जर्मनीने २०१७ ला नियमच केला की मोठ्या सांडपाणी केंद्रांनी २०२९ पासून गाळातून फॉस्फरस परत काढायचा. स्ट्रुव्हाईट म्हणून खडे बनतात, मॅग्नेशियम-अमोनियम-फॉस्फेटचे, पूर्वी ते पाइप तुंबवायचे म्हणून शिव्या खायचे, आता गोणीत भरून विकतात. आपल्याकडे सांडपाणी पूर्ण स्वच्छ होईल तेव्हा होईल, पण तुमचा मुलगा इंजिनीअरिंगला आहे म्हणालात, त्याला हा विषय सांगून ठेवा, केळीपेक्षा बरे पैसे आहेत यात.

तर आता काम एवढंच. या आठवड्यात वाफसा आहे, नमुना घ्या, केळीच्या दोन एकराचा वेगळा आणि कपाशीचा वेगळा. लॅबला पीएच, चुनखडी, स्फुरद, पालाश, जस्त आणि लोह एवढं तरी मागा. रिपोर्ट आला की इथेच आकडे टाका, आणि गेल्या तीन वर्षांत काय काय टाकलं त्याच्या बिलांचा हिशोब पण, घरात शोधून ठेवा. तोवर डीएपीसाठी रांगेत उभे राहू नका, आणि बेड पाडताना शेणखत बेडच्या मधोमध भरा, पसरून नाही.